गल्लीतील खाणावळ आणि आपली चूल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर परिचय असे भारदस्त विषय बाजूस ठेवून या व्यासपीठावरून आम्ही खाणावळींविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या घरचा मुलगा अथवा मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई येथे गेलेली नाही, असे घर वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या टापूत आज विरळाच. ही मुले दोन वेळ कोठे जेवतात, कोणाच्या हातचे जेवतात आणि त्यातून काय शिकतात, हा विषय क्षुल्लक नाही. दुसरे असे की, आपल्यातील काही तरुण स्वतःची खाणावळ काढू म्हणतात, तेव्हा “इतके शिकून लोकांची उष्टी काढणार काय?” असा प्रश्न घरची वडीलधारी मंडळी करतात. त्या प्रश्नाचे उत्तर आज द्यावे असा आमचा मानस आहे.

मोठ्या शहरातील नामांकित हॉटेलांच्या पाट्या दुरूनही वाचता येतात. आम्ही बोलतो ते गल्लीच्या तोंडाशी, घराच्या पुढल्या खोलीत मांडलेल्या चार बाकांविषयी. अशा ठिकाणी काहीतरी नवे रांधले जाते. आणि ते का, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या सर्वांत जवळचे मोठे शहर नागपूर. तेथे 1877 साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विणकाम करणाऱ्या हलबा-कोष्टी समाजाची वस्ती तेथे जुनी. पुढे हातमागाचा धंदा बसत गेला, तेव्हा त्यांतील कित्येक कुटुंबांनी घरच्या चुलीवरचा रस्साच विक्रीस मांडला. दगडफूल, खसखस, मिरी यांच्या मसाल्याचा तो जळजळीत काळसर रस्सा आज ‘सावजी’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखला जातो. मटण न खाणाऱ्यांसाठी पाटोडी-रस्सा आणि डाळकांदा तेथेच मिळतो. सकाळच्या साध्या पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओतण्याची युक्तीही नागपूरचीच. ताटात पाहिले तर यात अपूर्व असे काय आहे? परंतु एका समाजाच्या घरची चव साऱ्या शहराची झाली, हे अपूर्वच होय.

मुंबईस हीच गोष्ट अधिक विस्ताराने घडली. इराणातील यझ्द व केरमान या भागांतून आलेल्या जरथुष्ट्री लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा इतर दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती यांना मिळाली, असे सांगतात. 1904 चे कयानी आणि 1923 चे बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ब्रिटानियाच्या पुलावात आंबटगोड इराणी बेरी आणि हिंदुस्थानी मसाला एका ताटात नांदतात. कर्नाटकातून लहान वयात येऊन खाणावळींत पडेल ते काम केलेल्या रामा नायक यांनी 1942 साली माटुंग्यास उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले आणि केळीच्या पानावरील जेवण परप्रांतात प्रतिष्ठित केले. कलकत्त्यास जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी आचाऱ्याने 1975 साली मुंबईत आले, लसूण व हिरवी मिरची यांस सोया सॉसची जोड देऊन ‘मांचुरियन’ सिद्ध केले. चीन देशात तो पदार्थ कोणास ठाऊक नव्हता; आज आपल्या गावच्या हातगाडीवर तो फुलकोबीचा होऊन मिळतो.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. परमुलखात आलेला, भांडवल नसलेला मनुष्य दोन गोष्टी बरोबर आणतो: आईच्या हातची चव आणि गिऱ्हाईकाला राजी करण्याची गरज. या दोहोंच्या भेटीतून नवा पदार्थ जन्मास येतो.

परंतु ही भेट होण्यापूर्वी एक दार उघडावे लागले, हे विसरू नये. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून केवढे ग्रामण्य माजले! रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांसही त्याचा ताप झाला. पुढे कोल्हापुरास पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खावा लागलेल्या गंगाराम कांबळे यांस शाहू छत्रपतींनी चहाचे हॉटेल काढावयास साहाय्य केले आणि स्वतः तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. एका कपाने राजाने जे साधले, ते शंभर हुकुमांनी साधले नसते.

आपला जिल्हाही या कामी मागे नव्हता. 1928 साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले. 1936 पासून सेवाग्रामच्या आश्रमात सर्व जातींची माणसे एकाच स्वयंपाकघरात राबली आणि एकाच पंगतीस बसली. येथील गोसेवेच्या चळवळीतून गाईच्या तुपाचा ‘गोरसपाक’ निपजला, आणि वर्ध्याहून जाणारा पाहुणा तो आजही आवर्जून नेतो. ज्या भूमीत एवढे घडले, तेथील लोकांनी अन्न विकण्यास हलके मानावे, हे शोभत नाही.

भगिनींसही एक उदाहरण सांगावेसे वाटते. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या कष्टास कोणी ‘धंदा’ म्हणत नव्हते, त्यास पत मिळाली. कढीगोळे, गोळाभात, पुडाची वडी, पानगे, झुणका आणि ज्वारीची भाकर ही आपल्या घरोघरची विद्या आहे. तिला पत का मिळू नये?

म्हणून तीन सूचना करतो. पहिली शहरातील मुलांस: पाटी पाहून जेवू नका. जेथे हमाल, कारकून आणि विद्यार्थी एका बाकावर दिसतात, जेथे दोनच पदार्थ पण ताजे मिळतात, तेथे जा. रांधणाऱ्याचे गाव विचारा आणि त्याची हकिकत ऐका. दुसरी मंडळाच्या चालकांस: शिक्षणासाठी मदत देताना आपण जो विचार करतो, तोच विचार खाणावळ काढू इच्छिणाऱ्या होतकरू तरुणाचा व तरुणीचा करावा. तिसरी आपणा सर्वांस: आपल्या संमेलनाची पंगत आजवर आपल्यापुरती राहिली. पुढील वर्षी प्रत्येक कुटुंबाने अन्य समाजातील एका शेजाऱ्यास सन्मानाने पानावर बसवावे, आणि त्याच्या घरचा एक पदार्थ आपल्या पंगतीत मागून घ्यावा. ज्ञातीचा अभिमान चूल झाकून राखता येत नाही. चार लोकांनी आपल्या चवीची आठवण काढली, म्हणजे तो आपोआप राखला जातो.