शॅकलवरचा आकडा



माझी नोकरीची सगळी वर्षं क्रेनच्या आसपास गेली, म्हणून आज हातात ही वस्तू घेऊनच उभा आहे. हा शॅकल. घोड्याच्या नालासारखी वाकवलेली पोलादी कडी, दोन टोकांना डोळे, आणि त्यांतून आरपार जाणारी आट्यांची पिन. वजन जेमतेम सव्वा किलो. अंगावर उठावाचा आकडा आहे: 4.75 टन. क्रेनचा हुक आणि खालचा भार यांना जोडणारं ते हेच.

हा आकडा म्हणजे तुटण्याची हद्द नव्हे. चांगला शॅकल त्याच्या पाच-सहापट ताणाला तुटतो, आणि नेमकं हेच कळल्यामुळे माणसं धीट होतात. ‘सहापट आहे ना, मग उचल!’ असं मी किती वेळा ऐकलंय. पण ती शिल्लक आपल्या खर्चासाठी ठेवलेली नसते. हवेत धरलेला भार दोरीवर नुसता एकदम सोडला, जराही न पाडता, तरी क्षणभर दुप्पट ताण येतो. झीज, गंज, न दिसणारी चीर यांचा हिशेबही त्याच शिल्लकीतून चुकता व्हायचा असतो.

शिवाय तो आकडा खरा असतो सरळ ओढीला. बाजूने 45 अंशांत ओढ बसली की या शॅकलची क्षमता 70 टक्क्यांवर येते. 90 अंशांत ती निम्मी.

कोनाचा आणखी एक खेळ आहे, तो घरातल्या दोरीवर बघा. वाळत घालायची दोरी सैल असली तर ओली चादर निमूट पेलते. तीच दोरी ताठ ताणून बांधा, खिळा भिंतीतून उपटून येईल. चादर तेवढीच! चार टनांचा भार दोन स्लिंगांवर, म्हणजे भार बांधायच्या दोरांवर, घेतला आणि त्या आडव्या रेषेशी 60 अंशांत असल्या, तर प्रत्येकीवर सुमारे 2.3 टन येतात. लांबी कमी पडली म्हणून त्या 30 अंशांपर्यंत पसरल्या, तर प्रत्येकीवर पुरे चार टन.

आता पिनबद्दल, कारण मी हादरलो तो पिनमुळे. एका कारखान्यात डाय, म्हणजे जड साचा, उचलत होतो. याच मापाच्या शॅकलची पिन हरवली होती, म्हणून कुणीतरी बाजारातला 16 मिलिमीटरचा बोल्ट घातला होता. डाय वर गेली, बोल्ट धनुष्यासारखा वाकला आणि भार वीतभर खचला. खाली कुणी नव्हतं. शॅकल मी स्वतः तपासायला हवा होता. ते मी केलं नव्हतं. या मापाची पिन 22 मिलिमीटरची असते. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पोलाद त्याच प्रतीचं धरलं तरी त्या बोल्टची ताकद 40 टक्क्यांहून कमीच. बाजारचा बोल्ट त्या प्रतीचाही नसतो.

पिन खांदा टेकेपर्यंत आवळा. पळती दोरी तिच्यावरून नेऊ नका, ती पिन फिरवून आटे सोडवते. दोन-तीन स्लिंगा असतील तर पिन हुकाकडे आणि स्लिंगा कडीच्या रुंद पोटात ठेवा. त्यांच्यातला कोन 120 अंशांपुढे नको. भार कायमचा टांगायचा असेल तर नट आणि कॉटर पिन असलेलाच शॅकल घ्या.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून निदान एकदा तपासणी सक्तीची केली होती. ती होऊ द्याच. पण रोज सकाळी भार बांधणाऱ्या खलाशाने शॅकल हातात घेऊन बघितला पाहिजे: डोळे समोरासमोर आहेत का, पिन हाताने सहज फिरते का, आकडा वाचता येतो का. कुठेही दहा टक्के झीज दिसली, म्हणजे ही 22 ची पिन 19.8 च्या खाली गेली, की शॅकल बाद. वेल्डिंगचा डाग दिसला तरी बाद.

आणि बाद केलेला शॅकल भंगाराच्या ढिगात तसाच टाकू नका. गॅसने कापून त्याचे दोन तुकडे करा. नाहीतर घाईच्या वेळी कुणीतरी तोच उचलून हुकाला लावतो.