बंब, गीझर आणि धुराडे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची वर्दळ असते. त्या मांदियाळीत आज आम्ही आपणांस न्हाणीघरात घेऊन जाणार आहोत, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. विषय लहान दिसतो खरा. पण या विषयाने आमच्या घरातले एक माणूस जवळजवळ नेले होते. म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचा अधिकार आम्हांला आहे असे आम्ही समजतो.

आपल्यापैकी ज्यांचे केस आमच्यासारखे पांढरे झाले आहेत, त्यांना तांब्याचा बंब आठवत असेल. मध्ये निखाऱ्यांची नळी, तिच्याभोवती पाणी, वर धुराला वाट आणि खाली राख पडायला जाळी. पहाटे घरातले कोणीतरी उठून त्यात गोवऱ्या, सालपे, नारळाच्या करवंट्या घालीत असे. धूर डोळ्यांत जाई, खोकला येई, आणि मग आपोआप कोणीतरी ओरडे, "अरे, ते दार उघडा!" हे दार उघडणे फार महत्त्वाचे होते. धूर हा त्या अग्नीचा पहारेकरी होता. हवा कमी पडली की तो घरभर फिरून सर्वांना खबर देई. शिवाय न्हाणीघर परसात, कौलांखाली. त्याच्या भिंतीत आणि छपरात फटी इतक्या, की हवेला मज्जाव करणे कोणाच्या हातातच नव्हते.

पुढे बंब मोडीत गेला आणि गॅसचा गीझर भिंतीवर चढला. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा हलतो, गॅसची वाट उघडते, दोन सेलांची ठिणगी पडते आणि क्षणात कढत पाणी हजर. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण धुराबरोबर पहारेकरीही गेला, हे आमच्या ध्यानात आले नाही.

आता आमच्या घरची हकिकत सांगतो. २०२३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. थंडी कडक पडली होती. आमच्या न्हाणीघराला वर एक झरोका आहे. त्यातून उत्तरेचा वारा येई आणि अंगावर काटा उभा राही. घरातले वडीलधारे म्हणून आम्ही एके दिवशी शिडी लावली, झरोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वर पुठ्ठा ठोकला आणि सर्वांकडून शाबासकी मिळवली. चौथ्या दिवशी सकाळी सूनबाई आंघोळीला गेल्या. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात चहा करीत होत्या. बादली भरून वाहत असल्याचा आवाज त्यांच्या कानांवर आला. पण तांब्याचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही. त्यांनी हाक मारली. दुसरी मारली. तिसऱ्या हाकेला आमचा मुलगा धावला आणि त्याने दाराला खांदा दिला. कडीचे स्क्रू जुने होते म्हणून निघाले. सूनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान खाली गेलेली. त्यांना उचलून गच्चीत आणले, तेथून दवाखान्यात. प्राणवायू सुरू झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरी आल्या.

डॉक्टरांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "न्हाणीघराला झरोका आहे का?" आम्ही म्हणालो, "आहे." सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "आहे, पण यांनी बुजवलाय." पुढे बरे वाटल्यावर सूनबाईंनी सांगितले, "बाबा, आदल्या दोन दिवशीही आंघोळ झाली की डोके दुखायचे, मळमळायचे. मला वाटले, थंडीने असेल." गीझर नवा होता, उत्तम होता. त्यात काडीचाही दोष निघाला नाही. दोष शिडीवर चढला होता.

त्यानंतर आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला. तोच आपल्यापुढे ठेवतो.

गॅसपासून धोके दोन, आणि ते एकमेकांहून अगदी निराळे. पहिला न जळलेल्या गॅसचा, दुसरा अर्धवट जळलेल्या गॅसचा. आपण सगळे पहिल्याला भितो आणि दुसऱ्याला ओळखतच नाही.

न जळलेला गॅस स्फोट घडवतो. पण त्याला वास असतो. हा वास त्याचा स्वतःचा नव्हे. तो मुद्दाम मिसळलेला असतो, मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. १९३७ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावी एका शाळेखाली बिनवासाचा गॅस साठला आणि स्फोट होऊन सुमारे तीनशे माणसे दगावली. त्यांत बहुतेक मुलेच होती. त्यानंतर तेथे गॅसमध्ये वास मिसळणे सक्तीचे झाले. स्वयंपाकघरात तो वास आला की आपल्याला नकोसा वाटतो, पण त्या वासामागे एवढ्या मुलांची किंमत आहे.

वास आला तर काय करावे? दिव्याचे बटण लावू नये. लागलेले असेल तर बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात दबून बसतो. नळाने येणारा गॅस मात्र हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो. हॉल्डेन नावाचे शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले, हे आपणांस ठाऊक असेल. त्यांचे वडीलही खाणीतल्या वायूंचे मोठे अभ्यासक. त्यांनी मुलाला लहानपणी एका खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच ओळींत मुलाचे पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत हवा शुद्ध होती, म्हणून तो लगेच सावरला. हलका वायू वर साठतो हा धडा त्या मुलाला जन्मभर पुरला.

आता दुसरा धोका. गॅस पुरता जळला तर त्यातून वाफ आणि कर्बद्विप्राणिल वायू निघतो. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळ्यांना तो झोंबत नाही. आणि मर्कॅप्टनचा वास? तो ज्योतीत जळून गेलेला असतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला धरून ठेवते; या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरते. आसनावर हा वायू बसला की प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि पायांतले बळ जाते. माणसाला कळते की काहीतरी बिघडले आहे, पण कडीपर्यंत हात पोहोचत नाही.

आपल्यापुढे एक साधा हिशेब मांडतो. गीझर जोरात चालला तर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका आंघोळीला सव्वादोन किलो हवा, जवळजवळ ७० घनफूट. पाच फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते २४० घनफूट. तेव्हा झरोका बुजवला, तर त्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकटा गीझर फस्त करतो. आणि एकामागून एक चौघांनी आंघोळ केली तर चौथ्याच्या वाट्याला काय उरेल? ज्योत आपला वाटा आधी उचलते, माणसाला उरलेसुरले मिळते.

असाच अग्नी परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरीही आहे. शिकागोला, टोरांटोला हिवाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांनी तळघरातली फर्नेस पाहिलीच असेल. ती म्हणजे मोठा बंबच. फक्त पाण्याऐवजी हवा तापवणारा. आत ज्योत जळते, तिचे तप्त वायू धातूच्या नळ्यांतून किंवा पेट्यांतून जातात, आणि घरातली हवा त्यांच्या बाहेरून पंख्याने वाहते. या दोन हवांची गाठ कधीही पडता कामा नये. मधल्या धातूला तडा गेला की पडते. म्हणून दर वर्षी थंडीच्या आधी जाणत्या माणसाकडून ती तपासून घ्यावी लागते. हवा गाळणारी जाळी दर एक ते तीन महिन्यांनी बदलावी लागते; ती तुंबली की हवा अडते आणि धातू अवाजवी तापतो. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे तोंड बर्फाने बुजले तर बर्फ आधी उकरावा. फर्नेसच्या उबेला ओले कपडे वाळत घालण्याचा किंवा शेजारी खोकी रचण्याचा मोह आपल्या पिढीला फार होतो, तो आवरावा. आणि भिंतीवरचा इशाऱ्याचा भोंगा किरकिर करतो म्हणून त्याचे सेल काढून ठेवू नयेत. सेल संपत आल्याची किरकिर निराळी आणि धोक्याचा गजर निराळा. गजर झाला तर सर्वांनी घराबाहेर पडावे आणि मग मदत बोलवावी.

धुराडे चोंदल्याने काय होते याचे दुःखद उदाहरण म्हणजे फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला. १९०२ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या शयनगृहात, धुराडे तुंबल्यामुळे, ते याच वायूने गेले. पत्नी त्याच खोलीत होती, ती वाचली. ज्याने समाजाच्या अंधारकोठड्यांत दिवा नेला, त्याला स्वतःच्या खोलीतल्या अदृश्य वायूने गाठले.

तिकडच्या लोकांनी यंत्राबरोबर धुराडे घेतले. आम्ही यंत्र घेतले आणि धुराडे दुकानातच ठेवून आलो. दोन पैसे वाचले, भिंतीला भोक पाडावे लागले नाही, याचा आनंद मानला.

मग उपाय कोणते? सर्वांत उत्तम, गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या गॅलरीत बसवावा आणि आत फक्त पाण्याची नळी न्यावी. ते जमत नसेल तर धूर बाहेर नेणारी नळी असलेलाच गीझर घ्यावा. हवेला दोन वाटा द्याव्यात: खालून आत येण्याची आणि वरून बाहेर जाण्याची. नुसता पंखा लावून भागत नाही. दाराखाली फट नसेल तर पंखा ओढणार कोठून? आत गीझर असेल तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, मग दार लावून आंघोळ करावी. लहान मुले आणि वृद्ध यांनी आतून कडी लावू नये. ज्योत निळी असावी. पिवळी झाली किंवा भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली तर हवा कमी पडते आहे असे समजावे आणि बर्नर साफ करून घ्यावा. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी. गळती पाहायची ती साबणाच्या पाण्याने; काडी पेटवून पाहणाऱ्याला दुसऱ्यांदा पाहायची संधी बहुधा मिळत नाही.

आणि कोणी न्हाणीघरात पडले तर? आधी दार उघडावे, गीझर बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे, मग दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना "गॅसचा गीझर चालू होता" हे पहिल्या वाक्यात सांगावे. करोनाच्या काळात घरोघरी आलेले, बोटाला लावायचे यंत्र येथे फसवते. या वायूने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा उत्तम दिसतो. त्या आकड्यावर विसंबून माणसाला घरी निजवू नये.

आपल्या पूर्वजांनी घरात अग्नी ठेवणे हे व्रत मानले. अग्निहोत्र्याला त्याची वेळ, जागा, मर्यादा सांभाळावी लागे. आम्ही त्या कर्मकांडाचे पुनरुज्जीवन करा असे म्हणत नाही. परंतु घरात अग्नी आणला की त्याच्याबरोबर काही नेम येतात, एवढे त्यातले सत्य जुने झालेले नाही. पूर्वी धूर ते नेम शिकवीत असे. आता ते आपणच लक्षात ठेवायचे आहेत.

आमच्या झरोक्यातले बोळे त्याच दिवशी निघाले. थंडीत अजून तेथून वारा येतो, अजून अंगावर काटा उभा राहतो. कोणी कुरकुर करीत नाही. आज घरी गेल्यावर आपणही एकदा मान वर करून आपल्या न्हाणीघराचा झरोका पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.