खंड्यासाठी स्थळ

मागच्या वेळी आम्ही शेळ्यांच्या लसीबद्दल बोललो होतो. आज एका कुत्र्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका, पंधरा मिनिटं ऐका. या कुत्र्यापायी आमच्या बचत गटात भांडण झालं, दोन बैठका एक बाई आलीच नाही, आणि आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक सांगायलाच आज आलोय.

जेठ महिन्यातली गोष्ट. गुहागर-विजापूर रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या रसवंतीच्या खांबाला कुणीतरी एक कुत्रं बांधून गेलं होतं. पांढरंशुभ्र, कपाळावर एक काळा डाग, आणि उंची म्हणाल तर वासराएवढी. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. भांगलणीहून येताना आम्ही चौघींनी पाहिलं. आपल्याकडं कुत्रं म्हणजे खंडोबाचं. पाणी पाजल्याशिवाय पाय निघेना, आणि पाणी पाजल्यावर सोडून जाववेना. नाव ठेवलं खंड्या, आणि बांधला शेळ्यांच्या रिकाम्या गोठ्यात.

असं जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे बरं का. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्यात हे लिहिलंय. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हल्ली कोंबडीची तंगडी येत नाही. म्हणून सोडणारा सोडून जातो.

गटाच्या बैठकीत पहिलाच ठराव झाला, की गटाच्या पैशाला हात लावायचा नाही. बाराजणींनी पाळीपाळीनं भाकरी द्यायची. पोल्ट्रीवाल्याकडून फुटकी अंडी स्वस्तात मिळायची, ती उकडून घालायची. भुसार दुकानाच्या काट्यावर त्याला कसाबसा उभा केला, तर भरला एक्केचाळीस किलो. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हा ग्रेट डेन जातीचा नर आहे, चांगला पन्नास-साठच्या वर भरायला हवा. रेबीजची लस टोचली. कांदा-लसूण घातलेलं कालवण घालू नका, म्हणाले, द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नाही, कुत्र्याचे मूत्रपिंड जातात त्यानं. आपल्या द्राक्षाच्या भागात हे किती जणांना ठाऊक असेल? आम्हाला नव्हतं. आणि एवढ्या मोठ्या कुत्र्याला एकदम पोटभर घालायचं नाही, दोन-तीन वेळा थोडंथोडं. खाल्ल्या खाल्ल्या पळवायचं नाही, नाहीतर पोट फुगून त्याला पीळ पडतो आणि जनावर काही तासांत दगावतं.

आम्हाला तो आधी हट्टी वाटायचा. हाका मारून घसा बसायचा, पण हा मान वळवेल तर शपथ. मग बेंदराचा दिवस आला. बैलांची मिरवणूक गोठ्यासमोरून गेली, हलग्या कडाडत होत्या, गावातली सगळी कुत्री शेपूट घालून पळाली, आणि खंड्या आपला निवांत झोपलेला. धाकट्या जावेनं त्याच्या मागं पितळी परात आपटली. कान हलला नाही. तेव्हा उजेड पडला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. राखाडी अंगावर काळे शिंतोडे असतात अशा दोन कुत्र्यांची जोडी लावली, की साधारण चारातलं एक पिलू असं पांढरं निघतं. ही पिलं पुष्कळदा जन्मजात बहिरी असतात, काहींची नजरही अधू असते. हौस भागली की कुणाला तरी खपवायची, नाहीतर रस्त्यावर. बरं, बहिरं कुत्रं काही वेडं नसतं. हाताच्या खुणा ते चटकन शिकतं. पंजा वर केला की बस, मांडीवर थाप मारली की ये, हे आमच्या पोरांनी त्याला आठवड्यात शिकवलं. पण झोपेत त्याला कुणी एकदम हात लावला तर ते दचकतं, आणि दचकलेलं कुत्रं आधी दात लावतं, मग बघतं.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. आणि तरी पहिलं स्थळ आलं तेव्हा आम्ही गप्प बसलो.

एक बागायतदार आले. द्राक्षाची मोठी बाग, राखणीला दांडगं कुत्रं हवं होतं. लोखंडी पिंजरा करतो, रोज चिकन घालतो म्हणाले. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. पावसाळा तोंडावर, गोठा गळका, घरातले पुरुष कुरकुरत होते. त्यांनी कानाचं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. लग्न जमवताना मुलाची फिट लपवतात तेव्हा आपण किती नावं ठेवतो! आम्ही तेच केलं.

विसाव्या दिवशी फोन आला. बागेतल्या मजूर बाईचा आठ वर्षांचा मुलगा झोपलेल्या खंड्याच्या अंगावर हात टाकायला गेला आणि मनगटाला दात लागला. आम्ही तशाच निघालो. त्या आईला कुणीतरी हळद भरायला सांगत होतं. ती थांबवली, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि पोराला ग्रामीण रुग्णालयात नेलं. खंड्याला लस दिलेली होती, तरी इंजेक्शनं घेतलीच पाहिजेत, असं तिथं सांगितलं. पुढच्या सगळ्या तारखांना आमच्यातली एक त्याला घेऊन जायची. आईचा बुडालेला रोज आम्ही वर्गणीतून दिला. ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खंड्या परत गोठ्यात आला. गळ्यावर साखळीनं चामडं सोललं होतं.

मग आम्ही एक कागद केला. वर पहिली ओळ ठळक लिहिली: याला अजिबात ऐकू येत नाही. खाली बाकीचं. झोपेतून उठवताना आधी जमिनीवर पाय आपटा, त्याला हादरा कळतो, किंवा बॅटरीचा उजेड पाडा. रस्त्यावर मोकळा सोडू नका, मागून येणारी गाडी त्याला कळत नाही. राखण करणार नाही. गळ्यात घुंगूर ठेवा, त्याच्यासाठी नव्हे, तो कुठं गेला हे तुम्हाला कळावं म्हणून. आणि ही जात सात-दहा वर्षंच जगते, हेही लिहिलं.

कागद वाचून बरेच जण मागं फिरले. ते बरंच झालं. गोची झाली ती आमच्याच एका मैत्रिणीच्या भावानं मागितला तेव्हा. माणूस सोन्यासारखा, कुत्र्यांवर जीव. आधी आम्ही माया किती, घर केवढं, हे विचारायचो. आता विचारायला लागलो, की दुपारी घरात कोण असतं? रात्री कुत्रं कुठं झोपेल? घरात लहान कोण? त्यांच्याकडं दोन रांगती पोरं होती, आणि नवरा-बायको दोघं दिवसभर रानात. आम्ही नाही म्हणालो. मैत्रीण म्हणाली, माझ्या भावावर विश्वास नाही तुमचा? विश्वास होता हो. पण त्या मजूर पोराचं मनगट डोळ्यांपुढून जात नव्हतं. दोन बैठका ती आली नाही. तिसऱ्या बैठकीला आली, हप्ता भरला, पण बोलली नाही. अजूनही थोडं अवघडलेलंच आहे.

शेवटी सहा किलोमीटरवरच्या गावातून शाळेतले निवृत्त शिपाई काका आणि त्यांच्या बायको आल्या. घरात नातवंडं नाहीत, आहेत त्या काकांच्या आई, वय पंच्याऐंशीच्या पुढं आणि दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. काकूंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या सासूबाईंचंच आहे की. आम्ही त्यांनाही पाय आपटूनच उठवतो." पांढरीच्या भिंतीचं जुनं घर, दाराला कडी, आणि दिवसभर माणूस असतं. आम्हाला भीती एवढीच, की लाडात येऊन ढुशी मारली तर म्हातारीचं हाड मोडेल. काकांनी बाजेभोवती वासे ठोकून कुडाची बुटकी आड केली. आधी पंधरा दिवस ठेवून बघा, नाही जमलं तर दिवस असो की रात्र, आम्ही घेऊन जाऊ, असं ठरलं. त्या पंधरा दिवसांत न सांगता तीनदा जाऊन आलो. तिन्ही वेळा घुंगूर गळ्यात होतं आणि साखळी खुंटीला.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो होतो. त्याला नाही, माणसांना. खंड्या आता त्रेपन्न किलो भरतो. आजींनी काठी जमिनीवर दोनदा ठोकली की उठून येतो आणि आडेवर हनुवटी टेकून उभा राहतो. आजी त्याच्या कपाळावरचा काळा डाग बोटानं चोळत बसतात. आम्ही निघालो तसं त्यांनी एकीला खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "का गं, हा भुंकतो का?"

आम्ही दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढ्या मोठ्यानं. आजी हसत सुटल्या.