सेल्फ लागत नाही तेव्हा



वसंतातल्या या व्यासपीठावर मोटारीच्या वायरिंगवर बोलायला कुणी उभं राहील, अशी अपेक्षा आपल्यापैकी थोड्यांनीच केली असेल. पण सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होतं आणि भोवती जमलेले चौघे चार निदानं सांगतात, हा प्रसंग इथल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ जॅम, तिसरा प्लग काढायला लावतो आणि चौथा धक्का मारायला सांगतो. मोजत मात्र कुणीच काही नाही. विजेचा दोष मोजूनच सापडतो आणि मोजायचं ते गाडीकडून काम मागत असताना, एवढीच गोष्ट मला आज पटवून द्यायची आहे.

उदाहरणासाठी एकच गाडी घेतो. एमजीबी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन इथे 1962 ते 1980 या काळात तयार झालेली ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या. तिचं इंजिन 1798 सीसीचं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं. याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये होतं. त्यामुळे जुन्या अ‍ॅम्बॅसिडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटणार नाही. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळी मंडळी ओळखीची.

या गाडीची वीज बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची. जुन्या इंग्लिश गाड्यांचे शौकीन लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. विनोद चांगला आहे, पण त्याने नुकसान बरंच केलं आहे. ‘लुकासच ते, असंच चालायचं’ म्हटलं की मोजायची गरज उरत नाही. प्रत्यक्षात या गाड्या आज पन्नास-साठ वर्षांच्या आहेत. त्यांच्या वायरी गोळीच्या आकाराच्या पितळी कनेक्टरांनी जोडलेल्या आहेत आणि विजेचा परतीचा रस्ता बॉडीच्या पत्र्यातून जातो. पितळ काळवंडतं, पत्रा गंजतो. या वयात कॉइल किंवा मोटर बिघडण्याआधी सांधे बिघडतात.

आता मुख्य अडचण सांगतो. खराब सांधा गाडी उभी असताना दिसत नाही. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप आतून गंजून अर्धा बुजला असला, तरी नळ बंद असताना त्यातला दाब पुरेपूर भरतो; नळ उघडला की करंगळीएवढी धार येते. व्होल्टमीटर हा बंद नळावर दाब मोजणारा माणूस आहे. तो स्वतः जवळपास करंट घेतच नाही. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली, तरी तो खुशाल बारा व्होल्ट दाखवतो.

याचा हिशेब करून पाहू. समजा, एका सांध्यात एक शतांश ओहमचा रोध तयार झाला. दोन्ही हेडलाइट मिळून आठ अँपिअर घेतात. ओहमच्या नियमाने त्या सांध्यात व्होल्ट गळेल 0.08, म्हणजे काहीच नाही. लाइट लख्ख लागतात. आता सेल्फ मारा. स्टार्टरची मोटर 200 अँपिअर मागते. त्याच सांध्यात आता दोन व्होल्ट गळतात आणि मोटर कण्हते. ‘लाइट तर मस्त लागतायत, म्हणजे करंट बरोबर आहे’, हे वाक्य यासाठीच फसवं आहे.

तरीही हेडलाइट हे फुकटचं उपकरण आहे, फक्त ते सेल्फ मारताना पाहायला हवं. गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, लाइट लावा, एकाला समोर उभं करा आणि किल्ली फिरवा. लाइट एकदम विझले, तर बॅटरी रिकामी आहे किंवा बॅटरीलगतचा एखादा सांधा ढिला आहे. लाइट तसेच राहिले आणि आवाजही आला नाही, तर स्टार्टरपर्यंत मागणीच पोचली नाही. किल्ली, रिले आणि सोलेनॉइडची, म्हणजे स्टार्टरला जाड करंट जोडणाऱ्या स्विचची, बारीक वायर तपासा. एकच ‘टक्’ झालं आणि लाइट फारसे हलले नाहीत, तर सोलेनॉइडला निरोप मिळाला पण जाड करंट पुढे गेला नाही. ‘टकटकटक’ अशी माळ लागली, तर बहुधा बॅटरीच कोसळते आहे. सुरुवातीच्या एमजीबीत आणखी एक प्रकार होता. मोटर नुसतीच घूंऽऽ करून फिरायची, कारण तिचं दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलला भिडायचंच नाही. तो दोष यांत्रिक. तिथे वायरी उसकटू नयेत.

आता मीटर हातात घ्या. त्याआधी गाडी कोणत्या सालची ते पाहा. 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. त्यानंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह बॉडीला गेलं. हे न पाहता दुसऱ्या गाडीवरून जंपर लावणं महागात पडतं. दुसरी गंमत म्हणजे 1974 च्या सुमारापर्यंत या गाडीत बारा व्होल्टची एक बॅटरी नव्हती. सीटच्या मागे, फरशीखालच्या दोन कप्प्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, एकापुढे एक जोडलेल्या. म्हणजे चार पोल आणि त्यांना जोडणारी एक जास्तीची केबल, तेही मागच्या चाकांजवळच्या ओलाव्यात. वर गालिचा आणि झाकण असल्यामुळे कुणी तिकडे फिरकत नाही. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पूर्ण चार्ज असेल तर प्रत्येकी 6.3 व्होल्ट, एकत्र 12.6. बेरीज 12.2 आली तर चार्ज निम्म्यावर आहे. आधी चार्ज करा, मग बाकीचं बोला. चार्जिंगमध्ये बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून झाकण उघडं ठेवा, ठिणगी टाळा आणि केबल काढताना बॉडीकडची आधी काढा.

यानंतरची चाचणी या व्याख्यानाचा गाभा आहे. कॉइलला जाणारी पांढरी वायर काढून बाजूला ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मदतनीस सेल्फ मारत असताना तीन आकडे घ्या. पहिला, बॅटरीच्या दोन टोकांमधला. हा साडेनऊच्या खाली जाऊ नये. दुसरा, बॅटरीच्या लाइव्ह पोलपासून स्टार्टरच्या मोटरकडच्या बोल्टपर्यंत. तिसरा, बॅटरीच्या अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेल्या, पोलपासून स्टार्टरच्या अंगापर्यंत. मीटरचं टोक शिशाच्या पोलवर टेकवा. वरच्या क्लॅम्पवर टेकवलं, तर पोल आणि क्लॅम्पमधला सांधा मोजमापातून निसटतो.

समजा बॅटरीवर साडेदहा व्होल्ट राहिले. लाइव्ह बाजूला गळले 0.4 आणि अर्थ बाजूला 2.3. मोटरच्या वाट्याला उरले 7.8. तिन्हींची बेरीज पुन्हा साडेदहा. किरखॉफ यांनी 1845 मध्ये मांडलेला नियम तोच आहे आणि हिशेब जुळला नाही तर मोजण्यात चूक आहे. इथे लाइव्ह बाजू एका फटक्यात निर्दोष सुटली. सोलेनॉइड, जाड केबल, तिचे बोल्ट, यांतल्या कशालाही हात लावायचं कारण नाही. आता अर्थ बाजूच निम्मी-निम्मी करत जा: पोल ते बॉडी, बॉडी ते इंजिन, इंजिन ते स्टार्टर. दोन-तीन मापांत गुन्हेगार सांधा समोर येतो.

एमजीबीत तो पुष्कळदा बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये सापडतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन-गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक विणलेली पट्टी असते. क्लचच्या कामासाठी इंजिन उतरवलं आणि पट्टी परत लावायची राहिली, की करंट दुसरी वाट शोधतो. ती वाट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलची. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, धूर आला, तर स्टार्टर खोलू नका. खाली वाकून पट्टी आहे का पाहा.

इंजिन जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, हा दुसरा अध्याय. इथे लुकासच्या वायरींचे रंग कामाला येतात. तपकिरी वायर थेट बॅटरीची, कायम जिवंत, फ्यूजशिवाय. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम जिवंत, फ्यूजसह. काळी अर्थ. पांढरी-तांबडी सोलेनॉइडला निरोप नेणारी. किल्ली फिरवल्यावर मागून एसयू पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू आली, तर तपकिरी आणि पांढरी निदान तिथपर्यंत शाबूत आहेत, हे मीटरशिवाय कळतं.

मग कॉइलची पॉइंटकडची बाजू पाहा. पॉइंट मिटलेले असताना तिथे जवळपास शून्य आणि उघडल्यावर बारा व्होल्ट यायला हवेत. कायम बारा असतील, तर पॉइंट काळवंडले आहेत किंवा मिटतच नाहीत, 0.35 ते 0.40 मिलिमीटरची फट ठेवून साफ करा. पांढरी वायर परत जोडलेली असूनही कायम शून्य असेल, तर बहुधा डिस्ट्रिब्यूटरच्या आत काहीतरी बॉडीला टेकलं आहे: कंडेन्सर, सोललेली वायर किंवा चुकीच्या जागी बसवलेला इन्सुलेशनचा वॉशर. हे सगळं ठीक असूनही प्लगला ठिणगी नसेल, तर रोटर आर्म बदलून पाहा, आणि नवा आहे म्हणून त्याला निर्दोष मानू नका. अलीकडच्या काही रोटर आर्ममध्ये पितळी पट्टी धरणाऱ्या रिव्हेटमधूनच ठिणगी खालच्या शाफ्टला पळते.

कुणी म्हणेल, आता गाड्या संगणकावर चालतात, स्कॅनर लावला की कोड येतो. येतो. पण सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं, तर एकेक कंट्रोल युनिट बंद पडतं आणि प्रत्येक जण शेजाऱ्याशी संपर्क तुटल्याची तक्रार नोंदवतो. कोड दहा, दोष एक, आणि तो एखाद्या गंजलेल्या अर्थच्या बोल्टमध्ये. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर बसला, तेव्हापासून पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांमधल्या या जाड करंटच्या वाटेचं तत्त्व बदललेलं नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी ‘नवी बॅटरी टाका’ असं कुणी सांगितलं, तर दोन आकडे मागा. सेल्फ फिरताना बॅटरीवर किती व्होल्ट होते, आणि अर्थ बाजूला किती गळाले? पहिला साडेनऊच्या खाली असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजायला लावा. तरीही तो खालीच राहिला आणि स्टार्टर जास्तीचा करंट ओढत नसेल, तर बॅटरी खुशाल बदला. दुसरा अर्ध्या व्होल्टच्या वर असेल, तर पाकीट खिशात ठेवा आणि आधी पाना आणि पॉलिश पेपर मागा.