तक्ता, अंतर आणि उजेड



माझ्या वर्गातील एक मुलगा फळ्यावरची गणिते नेहमी चुकीची उतरवून घेई. तपासणीत त्याची नजर उत्तम ठरली होती, म्हणून मी त्यालाच निष्काळजी म्हटले. पुढे कळले की, तक्ता अवघ्या चार पावलांवर टांगला होता! आज तो चष्मा लावतो आणि गणिते बरोबर उतरवतो. चूक माझीही होती.

हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली हा तक्ता प्रसिद्ध केला. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येते, ते ६ मीटरवरूनच वाचता आले तर नजर ६/६०. अंतर चुकले की हिशेबच चुकला.

म्हणून सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट, टेपने मोजा. त्या तक्त्यातील ६/६० चे अक्षर पावणेनऊ सेंटीमीटरच्या जवळपास उंच हवे. छायाप्रतीत ते लहान होते. उजेड तक्त्यावर सारखा पडावा, चकाकी नसावी. अंधारात चांगली नजरही अधू ठरते. एकेक डोळा न दाबता झाका, डोळे बारीक करू देऊ नका. उर्दू माध्यमाच्या लहान मुलांना अनोळखी लिपी वाचायला लावण्यापेक्षा ‘ई’चा तक्ता दाखवा, दिशा ती हाताने सांगतील.

शंका आल्यास मेडिकल किंवा मेयोच्या नेत्रविभागात दाखवा. मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याची नजर नीट मोजा, एवढीच माझी विनंती.