तळ्यावाचून बदकांची पिले

(धर्मापुरी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व महिला बचत गटांच्या प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराच्या शिल्पांमुळे या गावाचे नाव अभ्यासकांच्या तोंडी आहे. अशा गावी येऊन शिल्पांविषयी न बोलता बदकांच्या पिलांविषयी बोलायचे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. त्याहून विचित्र वाटेल तो विषयाचा आणि जिल्ह्याचा मेळ. 2016 च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातील मांजरा धरण कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या मुलखात माणसाच्या पाण्याची ही कथा, तेथे बदके कोणी पाळावीत?

हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्यामागे एक समजूत दडलेली आहे. बदकाचे पिलू मराठी घराघरांत पोचवले ते ग. दि. माडगूळकरांच्या बालगीताने, आणि त्या गीतातील पिले तळ्यात आहेत. तेव्हा तळे नाही तर बदक नाही, असे आपण लहानपणापासून धरून चाललो. मी कला शाखेचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. पण माहिती खात्यातील माणसाला ज्याने त्याने सांगितलेले पडताळून लोकांपुढे मांडावे लागते. त्या पडताळणीतून एवढे नक्की कळले की, बदकाच्या पिलाला पाणी चोचीसाठी लागते, पोहण्यासाठी नव्हे. तळ्यावाचून बदके सुखाने वाढतात व अंडी देतात. उलट फार लवकर तळ्यात सोडलेली पिलेच दगावतात.

याचे कारण समजण्याजोगे आहे. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीने पिसांना लावल्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही. बदकीखाली निघालेल्या पिलांच्या लवेला आईच्या पंखांवरील तेल लागते. यंत्रात किंवा कोंबडीखाली निघालेल्या पिलाला ते मिळत नाही, आणि त्याची स्वतःची ग्रंथी पुरती कामाला लागण्यास काही आठवडे जातात. असे पिलू पाण्यात पडले की भिजते, गारठते आणि मरते. म्हणून पहिले काही आठवडे पाणी द्यावे ते उथळ परातीत वा मातीच्या परळात, सुमारे दोन ते तीन इंच खोल. चोच नाकपुडीपर्यंत बुडाली पाहिजे, कारण पिलू नाकपुड्या आणि डोळे पाण्यानेच साफ करते. अंग मात्र बुडता कामा नये. परातीच्या मध्यभागी एखादा मोठा धोंडा ठेवला की पिले आत शिरून बसत नाहीत. पंधरा पिलांना पहिल्या दिवसांत एक बादली पुरते, आणि परातीत उरलेले गढूळ पाणी परसातील शेवग्याच्या बुडाशी ओतता येते.

पिले मिळवावीत कशी? अंडी देणाऱ्या बदकांत खाकी कॅम्पबेल ही जात जगभर नावाजलेली आहे. इंग्लंडमध्ये ग्लूस्टरशायर परगण्यातील ॲडेल कॅम्पबेल या गृहिणीने ती गेल्या शतकाच्या आरंभी आपल्या घरच्या बदकांपासून तयार केली. उत्तम निगा राखल्यास ही बदकी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. मात्र अंड्यांवर बसण्याची तिला आवड नाही. म्हणून खुडूक गावठी कोंबडीखाली आठ-दहा अंडी मांडावीत. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, बदकाची अठ्ठावीस दिवसांनी. म्हणजे बिचारीला एक आठवडा जास्तीची बैठक घडते. त्या काळात तिचे दाणापाणी जवळच ठेवावे. बदकाच्या अंड्याला ओलावा जास्त लागतो, यासाठी शेवटच्या दिवसांत कोमट पाण्याचा हलका शिपका द्यावा.

ऊब आणि कोरडेपणा या दोन गोष्टींवर पहिला पंधरवडा अवलंबून असतो. आरंभी पिलांच्या पाठीशी सुमारे 30 ते 32 अंश उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवावी. तापमापक नसला तरी अडत नाही. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी आहे. दूर पळून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे पसरून निजली असतील तर सर्व ठीक आहे. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा घालावा. बदकाची विष्ठा पातळ असते आणि पाणी सांडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. म्हणून पाण्याची परात पाटीवर वा जाळीवर एका कोपऱ्यात ठेवून ओला झालेला भुसा रोज काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, आणि नेमके तेच टाळले जाते. रात्री मांजर, मुंगूस आणि घूस यांच्यापासून बंदोबस्त हवा, हे कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींना मी सांगावयास नको.

आता खाद्याकडे वळतो, कारण आजच्या भाषणाचा खरा विषय तोच आहे.

आपल्याकडे पाखरांपुढे ज्वारी टाकण्याची रीत आहे. बदकाच्या पिलाचे तेवढ्यावर भागत नाही. नायसिन नावाचे जीवनसत्त्व त्याला कोंबडीच्या पिलापेक्षा दीडपटीहून अधिक लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, सांधे सुजतात आणि पिलू बसून राहते. ज्वारीचा आणि नायसिनच्या अभावाचा संबंध आपल्या मुलखाला नवा नाही. निव्वळ ज्वारीवर पोट भरणाऱ्या दख्खनमधील गरीब मजुरांत पेलाग्रा हा रोग आढळतो, हे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथील संशोधनातून 1960 च्या सुमारास दाखवून दिले होते. पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचाच रोग. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध असले की माणसाचे निभावते. पिलाचेही तसेच आहे. तांदळाचा कोंडा, सुकट, यीस्ट आणि शेंगदाणा यांत नायसिन चांगले असते.

शेंगदाणा म्हटले की आपल्याला पेंड आठवते. ती प्रथिनांनी समृद्ध, जनावरांच्या ओळखीची आणि कोणत्याही दुकानात मिळणारी. पण याच ठिकाणी मला तुम्हाला थांबवावयाचे आहे.

1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. त्याच काळात बदकांची पिलेही मेली. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला. त्या पेंडीवर बुरशी वाढली होती आणि बुरशीने विष तयार केले होते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृतावर आघात करते, आणि त्याच्यापुढे बदकाच्या पिलाइतका दुबळा पाळीव पक्षी दुसरा क्वचितच असेल. इतका की, हे विष मोजण्याची साधने पुरेशी नव्हती त्या दिवसांत शास्त्रज्ञ संशयित खाद्याचा अर्क एक दिवसाच्या बदकाच्या पिलाला काही दिवस देत आणि मग त्याच्या यकृतातील पित्तनलिकांची झालेली वाढ पाहून विषाचा अंदाज घेत. पिलू हेच त्यांचे मोजमाप होते.

ही दूरदेशची कथा नव्हे. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका आदिवासी कुटुंबांच्या पोटात गेला. त्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. माणसे आजारी पडण्याच्या आधी गावातील कुत्री आजारी पडली होती, असे तपासात आढळले. घरातील मुके प्राणी आणि घरातील माणसे एकाच कणगीतून जेवत असतात. म्हणून ज्या घरी चांगली ऊब मिळूनही बदकाची पिले एकामागून एक मरतात, त्या घरी ‘पिले नाजूकच असतात’ असे म्हणून विषय मिटवू नये. पशुवैद्यकास पिले दाखवावीत, आणि आपल्या घरातल्या शेंगा, मका व पेंड एकदा उजेडात काढून पाहाव्यात.

हे विष डोळ्यांना दिसत नाही, आणि भाजून वा शिजवून ते पुरते जात नाही. बुरशी झटकून टाकली तरी विष आत राहू शकते. दुभत्या जनावराच्या पेंडीतून ते दुधातही उतरते. यावर उपाय काढणीच्या वेळीच करावा लागतो. शेंगा हलविल्यावर दाणा आत खुळखुळेपर्यंत वाळवाव्यात. फुटक्या, काळ्या, सुरकुतलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. पोती ओलसर जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. काढून टाकलेले दाणे ‘पाखरांना होतील’ म्हणून बाजूला ठेवण्याची जी सवय आहे, ती सर्वांत घातक आहे.

पिलांसाठी माझी शिफारस सोयाबीन पेंडीची आहे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचे पीक आता सर्वत्र आहे आणि या पेंडीत हे विष सहसा कमी आढळते. कच्चे सोयाबीन भरडून मात्र घालू नये, ते पचत नाही. मका किंवा ज्वारीचा निवडलेला भरडा पाच भाग, सोयाबीन पेंड तीन भाग, तांदळाचा कोंडा दीड भाग आणि बिनमिठाच्या सुकटीची पूड अर्धा भाग, त्यात थोडे खनिज मिश्रण, असे साधारण प्रमाण ठेवावे. कोरडे पीठ पिलाच्या घशात अडकते, म्हणून ते ओलसर करून द्यावे. दोन तासांत संपेल एवढेच कालवावे; आपल्या उन्हात उरलेले लगेच आंबते.

पंचायत सदस्यांपुढे एक अडचण मोकळेपणाने मांडतो. आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात. जूनमध्ये घेतलेली पिले अंड्यांवर येतात पाचव्या-सहाव्या महिन्यात, म्हणजे नेमकी बिऱ्हाड गाडीत बसते तेव्हा. ज्या घरी वडीलधारे माणूस मागे राहत नाही, त्या घराला पिले वाटून लाभार्थ्यांचा आकडा वाढेल, अंडी मिळणार नाहीत. यादी करताना हा प्रश्न घरोघर विचारावा. तसेच बदकाच्या अंड्याला बंगालमध्ये वा केरळात जशी मागणी आहे तशी आपल्या बाजारात नाही. तेव्हा प्रथम दहा-बारा पिले, घरच्या खाण्यापुरती. हे अंडे पूर्ण उकडून खावे. अर्धवट शिजलेले मुलांना देऊ नये.

शेवटी रोगांविषयी. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, हे अनेकांच्या स्मरणात असेल. बदक हा विषाणू स्वतः फारसे आजारी न पडता बाळगू शकते. म्हणून बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत, आणि रानपाखरे उतरतात अशा तलावावर बदके नेऊ नयेत. तळे नसण्याचा हा एक फायदाच आहे. एकाएकी मरतूक झाली तर मेलेली पाखरे न विकता, न खाता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. बदकांच्या प्लेगची लस सुमारे दोन ते तीन महिन्यांच्या वयात टोचून घेतात. लसीची कुपी बहुसंख्य पाखरांसाठी असते, म्हणून पाच-सहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. आणि बदकी अंडे बहुधा पहाटे घालते. सकाळी नऊपूर्वी दार उघडले तर अंडे ज्याच्या कुंपणात पडेल त्याचे होईल.