चावडी मोबाईलमध्ये आली, पुढे?

(भुसावळच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी स्टेशनकडच्या एका टपरीवजा दुकानात लोकांचे फॉर्म भरून देतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा. दिवसभर अंगठे मशीनवर ठेवून घेतो. आपल्या लोकांचे अंगठे राबून राबून इतके झिजलेत की मशीन म्हणतं, हा माणूस तो नव्हेच. मग म्हातारी माझ्याकडे बघते, जसं काय मीच तिला नाकारलं.

सरकार म्हणतं, आम्ही सगळं खुलं केलं. 2005 साली माहितीचा अधिकार आला. 2012 मध्ये दिल्लीने आकडेवारीचं संकेतस्थळ काढलं. 2014 मध्ये 'मायगव्ह' काढून जनतेच्या सूचना मागवल्या. 2015 मध्ये आपल्या राज्यात सेवा हक्काचा कायदा झाला. दाखला मुदतीत दिला नाही तर साहेबाला 500 ते 5000 रुपये दंड, असं त्यात लिहिलंय. त्या पोर्टलचं नाव 'आपले सरकार'. नाव तर झकास आहे.

खोटं बोलणार नाही, फायदा झाला. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. तलाठ्याच्या ओट्याखाली हात जोडून उभं राहावं लागत नाही. माझा बाप असा उभा राहिलाय, म्हणून मी या 15 रुपयांना हसत नाही.

पण आता त्या चावडीचं ऐका. सरकारने जमिनीच्या फेरफाराच्या नोटिसा ऑनलाइन लावल्या आणि त्या पाटीला नाव दिलं 'आपली चावडी'. आपली! अरे, त्या चावडीच्या पायरीखाली आमचा आजा काठी घेऊन उभा असायचा. सांगावा घेऊन धावायचा, सरकारी थैली वाहायचा, मेलेलं ढोर ओढायचा. त्या बदल्यात वतनाचा तुकडा. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं ते याच गुलामीविरुद्ध. कायदा व्हायला 1958 उजाडलं. वतन गेलं, जमीन नव्या शर्तीवर परत मिळाली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि सातबारावर तसा शेरा. आज कुणीही मोबाईलवर बघू शकतो की हा तुकडा कुणाचा, कोणत्या वर्गाचा. आपल्याला दिसतं तसं दलालालाही दिसतं. दलाल रोज बघतो. आपण बघतो का?

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. अमळनेरकडच्या गावात आमचा असाच तुकडा. आजा वारला, वारसाची नोंद लागायची होती. नोटीस त्या ऑनलाइन चावडीवर लागली. हरकतीला 15 दिवस. आम्ही भुसावळात, आत्या सुरतेत. कुणी बघितलीच नाही. मी, जो दिवसभर लोकांचे सातबारे काढतो, त्यानेही नाही! नोंद मंजूर झाली आणि तिच्यात आत्याचं नावच नाही. सातबारा हातात घेऊन ती मला म्हणाली, "मन्हं नाव कोठे शे रे भाऊ?"

काय सांगू? कचेरीत गेलो तर साहेब म्हणाला, नोटीस लागली होती, नियमाप्रमाणे झालं. खरंच नियमाप्रमाणे झालं. आणि आत्याचं नाव गाळलं कुणी? कुणा पाटलाने नाही. आमच्याच चुलत्याने. वारस सांगताना 'बहीण' हा शब्द तो गिळला. रात्री भीमगीतं गाणारा चुलता. याच्यावरही बोललं पाहिजे, नुसत्या मनूच्या नावाने बोंब मारून भागत नाही. प्रांताकडे अपील केलंय. चाललंय.

आता दुसऱ्या बाजूचा दरवाजा बघा. आपलं सगळं सरकारला दिसतं: आधार, रेशन, अंगठा, बँक. आपण उलट बघायला गेलो की दार अर्धं लोटलेलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं एक कलम बदललं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहिती अडवता यायची. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द लिहिले की पुरे. जनहिताचं दुसरं कलम शिल्लक आहे, पण ते सिद्ध करत बसा. ठेकेदाराचं नावही उद्या वैयक्तिक होईल.

आणि जनगणना येतेय. 1 मार्च 2027 ही तारीख ठरलीय. पहिल्यांदाच डिजिटल, आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोय, आणि 1931 नंतर प्रथमच सगळ्यांची जात मोजणार. 2011 च्या सर्वेक्षणात जात विचारली होती, ते आकडे बाहेरच आले नाहीत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध 65 लाखांवर. धर्म बौद्ध लिहिताना जात लिहायची की नाही, यावर आपल्या वस्त्यांत अजून भांडणं आहेत. धर्मांतरितांच्या केंद्रातल्या सवलतींसाठी 1990 पर्यंत झगडावं लागलं, तेव्हा दोन्ही लिहिता येण्याची वाट मोकळी झाली. जात लिहून बाबासाहेबांचा अपमान होतो असं ज्याला वाटतं, त्याने इथे उभं राहून बोलावं. मला वाटतं, ज्याची गिनती नाही त्याच्या नावाने बजेटात पैसा मागता येत नाही. तो फॉर्म दुसऱ्याच्या हाती देऊ नका, माझ्यासुद्धा. बाजूला बसून एकेक रकाना वाचून घ्या.

राजस्थानात 1994 मध्ये मजूर-किसानांच्या संघटनेने जनसुनावणी लावली. मस्टर, बिलं काढली आणि गावासमोर मोठ्याने वाचली. ज्यांनी काम केलं नाही त्यांच्या नावावर मजुरी निघाली होती. कागद तोच होता, फक्त तो वाचायला गाव बसलं. इंटरनेट नव्हतं तेव्हा.

म्हणून येत्या रविवारी सकाळी 10 वाजता विहारात या. ज्याचं गाव जिथलं असेल, त्या गावाचं आणि तालुक्याचं नाव चिठ्ठीवर आणा. गट नंबर माहीत असेल तर तोही. मी माझा मोबाईल आणतो, दोघंतिघं अजून आणा. एकेका गावाची चावडी उघडू, नोटिसा मोठ्याने वाचू आणि हरकत घ्यायची असेल तर अर्ज तिथेच लिहू. बायांना घेऊन या. आत्या सुरतेहून येतेय, ती पहिल्या रांगेत बसणार आहे.